स्विफ्टला मोठे टायर टाकले, आता खरं सांगतो
आमची स्विफ्ट व्हीएक्सआय, कंपनीचे टायर १६५/८० आर १४ (१६५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची), ते घासले म्हणून नाशिकला एका दुकानात गेलो (नाव नको), तर तो म्हणे साहेब अलॉय व्हील घ्या आणि १९५/६५ आर १५ टाका, गाडी एकदम भारी दिसेल. दिसते, खोटं कशाला बोलू. हायवेला वळणावर पकडही मस्त वाटते. पण स्टिअरिंग पार्किंगमध्ये जड झालं, फुल वळवून खड्ड्यात गेलं की आत घासल्याचा आवाज येतो, आणि अ‍ॅव्हरेज १९ चं १७ वर आलं. आता त्यात एक गंमत आहे, हा टायर व्यासाने साधारण अडीच टक्के मोठा, म्हणजे मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०२ च्या वर असते आणि किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे अ‍ॅव्हरेजमधला थोडा फरक नुसता हिशोबाचा आहे, बाकीचा मात्र खरा. पिकअप पण जरा मंदावलाय, घाटात लगेच गिअर उतरवावा लागतो. स्टेपनी जुन्याच साईजची, हे तर पंक्चर झाल्यावर लक्षात आलं!
नंतर कळलं की स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला, कंपनीच १८५/६५ आर १५ देते, उंची जवळपास आपल्या १४ इंचीएवढीच. दुकानदाराला हे माहीत नसेल असं होईल का हो? फिटिंग, बॅलन्सिंग चोख केलं त्याने, त्याबद्दल दोन स्टार. सल्ल्याला शून्य.