टफ टीजी-6 : मालवणच्या पाण्यात आणि नागपूरच्या उन्हाळ्यात

ऑलिंपसचा टफ टीजी-6 हा पाण्यात चालणारा कॅमेरा काही महिने वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, स्नॉर्कलिंग (डोळ्यांवर काचेचा मास्क आणि तोंडात श्वासनळी घेऊन पाण्यावर तरंगत खाली पाहणे) करताना चांगले छायाचित्र मिळते ते मुख्यतः विषयाच्या जवळ गेल्यामुळे, आणि या कॅमेऱ्याचे पैसे वसूल होतात तेही त्याला अगदी जवळचे स्वच्छ टिपता येते म्हणून. 15 मीटर खोलीपर्यंत तो वेगळ्या आवरणाशिवाय चालतो, याचे जाहिरातीत कितीही कौतुक असले तरी लाइफ जॅकेट घालून पाण्यावर तरंगणाऱ्या माणसाला त्यातल्या पहिल्या दीड-दोन मीटरांचाच उपयोग असतो.

यापूर्वी मोबाइल पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून प्रयत्न केला होता. पाण्याच्या दाबाने पिशवी पडद्याला चिकटते आणि मग स्पर्श ओळखलाच जात नाही. आवाजाच्या बटणाने छायाचित्र निघते, पण त्याखेरीज काहीही बदलता येत नाही. शिवाय अनेक मोबाइल कंपन्यांची हमी पाण्याने झालेल्या नुकसानाला लागू नसते, ही टांगती तलवार निराळीच. टीजी-6 ची खरी बटणे ओल्या बोटांनीही नीट दाबली जातात, एवढ्या एका गोष्टीनेच निम्मा त्रास संपतो.

नागपूरहून समुद्र कोणत्याच दिशेने जवळ नाही. नागपूर–मडगाव गाडीने कुडाळला उतरून मालवण गाठेपर्यंत जवळजवळ एक दिवस जातो, आणि प्रत्यक्ष पाण्यात मिळणारा वेळ मात्र होडीवाल्याच्या पुढच्या फेरीवर ठरतो. म्हणून कॅमेऱ्याची ओळख तिथे जाऊन करून घेणे परवडत नाही. मी परवानगी घेऊन शहरातल्या एका जलतरण तलावातच सराव केला : दगड भरलेला लाल डबा तळाशी ठेवून वेगवेगळ्या अंतरांवरून तो टिपला. (संत्रे सालीसकट तरंगते, त्यामुळे या कामी नागपूरचा अभिमान उपयोगी पडत नाही.) चष्मा असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मास्कच्या आत चष्मा बसत नाही आणि मागचा पडदा धूसर दिसतो, तेव्हा बटणांच्या जागा बोटांना पाठ असलेल्या बऱ्या.

पाण्यात अंतराचा हिशोब दोन तऱ्हांनी बदलतो. सपाट काचेतून पाहिले की वस्तू साधारण एक चतुर्थांशाने जवळ आणि एक तृतीयांशाने मोठी भासते, त्यामुळे जमिनीवर 25 मिमीचा रुंद दृष्टिकोन देणारे भिंग पाण्यात 33 मिमीच्या, म्हणजे अधिक अरुंद दृष्टिकोनाच्या, भिंगासारखे वागते. दुसरे असे की, कॅमेरा आणि मासा यांच्यामधला पाण्याचा प्रत्येक हात त्यात तरंगणाऱ्या कणांमुळे चित्र फिके करतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे पाणी अंदमानसारखे निळे व पारदर्शक नसते. ते हिरवट असते, आणि ऑक्टोबर ते मेच्या हंगामातही वारा सुटला की गढूळ होते. दोन मीटरवरून काढलेला मासा त्यात राखाडी ठिपका दिसतो. तोच मासा अर्ध्या मीटरवर आला की पाठीवरचा पिवळा रंग आणि अंगावरचे पाच काळे उभे पट्टे स्पष्ट उमटतात.

हे पट्ट्यांचे मासे, ज्यांना सार्जंट मेजर म्हणतात, पावाच्या तुकड्यांसाठी घोळक्याने येतात. पाव टाकण्याची ही प्रथा मला पसंत नाही. माशांना ते अन्न योग्य नाहीच, शिवाय विरघळणारा चुरा नेमका भिंगासमोर पसरतो; फ्लॅश चालू असेल तर प्रत्येक कण उजळतो आणि चित्रावर पांढरे ठिपके पडतात. फ्लॅश बंद ठेवावा आणि गाईडला आधीच, अदबीने, पाव न टाकण्याची विनंती करावी. दोन-तीन मिनिटे हालचाल न करता तरंगत राहिले तर मासे आपणहून जवळ येतात.

सर्वात उपयोगी ठरलेली युक्ती ही. जॅकेटमुळे शरीर पृष्ठभागावरच राहते आणि सगळी छायाचित्रे वरून, माशांच्या पाठींची निघतात. त्याऐवजी हात पूर्ण खाली ताणून, कॅमेरा पुढे आणि किंचित वर रोखून, पडद्याकडे न पाहता ओळीने छायाचित्रे काढावीत. बरीचशी वाया जातात, पण एखाद्यात मासा समोरून येतो आणि त्याच्या मागे प्रकाशाने चमकणारा पृष्ठभाग दिसतो. शटरचा वेग या कॅमेऱ्यात थेट ठरवता येत नाही; प्रकाशसंवेदनशीलता (आयएसओ) वाढवून तो सेकंदाचा 1/250 किंवा त्याहून अधिक मिळेल असे पाहावे, कारण लाटेबरोबर आपणही हलत असतो.

रंगांबद्दल वाचलेले बरेचसे पाणबुड्यांसाठी असते. पाणी लाल रंग आधी शोषते हे खरे, पण मीटर-दीड मीटरवर तो बऱ्यापैकी शिल्लक असतो. टीजी-6 मध्ये पाण्यासाठी उथळ, मध्यम आणि खोल अशी पांढऱ्या रंगाची तीन संतुलने (व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशानुसार रंग दुरुस्त करण्याची सोय) आहेत. त्यांतले मध्यम या खोलीवर वापरले की आपला हात गुलाबी दिसू लागतो. उथळच पुरे, आणि सोबत रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) ठेवली की उरलेली दुरुस्ती घरी होते. कॅमेऱ्याचा सेन्सर मोबाइलसारखाच लहान आहे, त्यामुळे ढगाळ हवेत चित्रात दाणे येतात. त्यावर उपाय नाही.

सूक्ष्मदर्शक मोड मात्र मनापासून आवडला. भिंगापासून एका सेंटिमीटरवरचे त्यात टिपता येते. खडकावरच्या सरगॅसम या तपकिरी शेवाळाच्या हवेने भरलेल्या पुटकुळ्या मिरीएवढ्या असतात. त्यांच्यावर चिकटलेला वाळूचा एकेक कण मोजता यावा असे चित्र मिळाले. मात्र त्यासाठी प्रवाळावर पाय टेकू नये. मालवणचा हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. हाच मोड घरी पावसाळ्यात किड्यांसाठी वापरता येतो, त्यामुळे कॅमेरा वर्षभर कपाटात पडून राहत नाही.

निगेचे म्हणाल तर, समुद्रातून आल्यावर तो झाकण न उघडता गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, बटणे दाबून मीठ सोडवावे, पूर्ण वाळल्यावरच झाकण उघडावे आणि रबरी पट्टीवर केस किंवा वाळू नाही ना हे पाहावे. ही पट्टी दरवर्षी बदलण्याची शिफारस आहे. वापराची कमाल तापमानमर्यादा 40 अंश सेल्सिअस असल्याने मे महिन्यात तो नागपूरच्या रस्त्यावर उभ्या गाडीत ठेवणे समुद्रापेक्षा घातक. मनगटाला तरंगणारा पट्टा हवाच, कारण हा सुमारे अडीचशे ग्रॅमचा कॅमेरा सरळ बुडतो.

वर्षातून एकदा हौस म्हणून पाण्यात उतरणाऱ्याने होडीवाल्याकडून मिळणाऱ्या चित्रफितीवर समाधान मानले तरी चालेल. पोहता येत असेल आणि किडे-फुले टिपण्याचीही आवड असेल, तर हा कॅमेरा जरूर घ्यावा; 2023 मध्ये आलेल्या टीजी-7 ला यूएसबी-सी चार्जिंग आहे, तेव्हा किमतीत फारसा फरक नसेल तर तोच पाहावा.