लेटरहेडवर सही करण्याआधी

गोवंडीत आमचं महिला मंडळ आहे. पाण्याची तक्रार घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलं की साहेब एकच विचारतात, "आकडे आहेत का?" आकडे नव्हते. म्हणून एका संशोधन संस्थेच्या मॅडम "सोबत सर्व्हे करू" म्हणाल्या तेव्हा आम्हाला घबाडच मिळाल्यासारखं वाटलं. पाणी आणि पोटाचे आजार असा विषय, अहवाल मराठीत, पोरींना फॉर्ममागे 60 रुपये, आणि अहवाल घेऊन मॅडम आमच्याबरोबर वॉर्ड ऑफिसात येणार. हे सगळं तोंडी.

लेखी होतं ते आमचंच. लेटरहेडवर समर्थनपत्र हवं होतं. "फॉर्मॅलिटी आहे ताई, निधी देणाऱ्यांना लागतं." मजकूर त्यांनीच इंग्रजीत टाइप करून आणलेला. मी सही केली, शिक्का मारला, वर चहा पाजला.

भर मे महिन्यात चार पोरींनी 312 घरं केली. पोटमाळ्याच्या लोखंडी शिड्या चढून ड्रम आणि हंडे मोजले. पैसे मिळाले पहिल्या 100 फॉर्मचे. बाकीचं विचारलं तर म्हणे, परदेशी निधी पुढे देता येत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) 2020 साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही, हे खरंच आहे. पण पोरींची मजुरी म्हणजे देणगी का? आणि ही अडचण पत्र घेताना कुठे गेली होती?

मग शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून पत्र वाचून घेतलं (हे आधी करायला हवं होतं, माहीत आहे). त्यात मंडळ 'भागीदार', घरं गाठून द्यायची जबाबदारी आमची, माहितीवर हक्क त्यांचा. फॉर्म त्यांच्या ऑफिसात गेले, आमच्याकडे झेरॉक्ससुद्धा नाही. लेख इंग्रजीत छापून आला, त्यात आम्ही 'एक स्थानिक महिला गट'.

तुमच्याकडे कोणी आलं तर पत्राचा मजकूर आधी मराठीत मागा आणि मजुरी, अहवाल, फॉर्मची प्रत हे त्यातच लिहून घ्या. आरोग्याचं संशोधन असेल तर नैतिकता समितीच्या (संशोधनात भाग घेणाऱ्या लोकांचं हित जपलं जातंय ना, हे तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीचं पत्र बघा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ती लागते, आणि लोकांना समजेल अशा भाषेत माहितीपत्रकही द्यावं लागतं. आमच्या 312 घरांत असा एक कागद गेला नाही.

मॅडम आता फोन उचलत नाहीत. गल्लीतली आजी मात्र मलाच अडवते, "पोरींनी हंडे मोजून नेले, पाणी कधी वाढणार गं?"