बायकांच्या भजनाला ऑक्टेव्ह मँडोलिन

वडिलांचं मँडोलिन मी 26 वर्षं वाजवतेय. आमच्या भजनी मंडळात सगळ्या बायका, त्यात मँडोलिनचा आवाजही किनरा. खालून आधार देणारं वाद्य हवं होतं. ऑक्टेव्ह मँडोलिनला त्याच चार जोड तारा, जी-डी-ए-ई या सुरांच्या, पण एक सप्तक खाली. म्हणजे बोटं बसलेली, नव्याने काही शिकायला नको. (मँडोला वेगळा. तो मँडोलिनपेक्षा सा-प एवढ्या अंतराने खाली लागतो, सी-जी-डी-ए.)

आधी इथे सोलापुरात, नव्या पेठेत विचारलं. दुकानदार म्हणाले, "ताई, बेंजो हवाय का?" आणि खटक्यांचं बुलबुलतरंग पुढे ठेवलं. आपल्याकडे बेंजो म्हणजे तेच, त्यात त्यांची चूक काही नाही. शेवटी हुतात्मा एक्सप्रेसने पुणं गाठलं.

तिथल्या दुकानात दोन नग होते. एक सॉलिड स्प्रूसच्या, म्हणजे अखंड लाकडाच्या फळीचा, दुसरा लॅमिनेटेड, म्हणजे पातळ थर चिकटवलेल्या फळीचा. सॉलिडचा आवाज गोड, यात शंकाच नाही. दुकानदाराने त्याचाच आग्रह धरला. पण सोलापूरचा मे महिना त्यांना काय माहीत! 42-43 अंश आणि कोरडी हवा. अशा हवेत लाकूड आकसतं. वडिलांच्या मँडोलिनची फळी अशीच एका उन्हाळ्यात तडकली होती. मी 24 हजारांचं लॅमिनेटेड घेतलं आणि त्याचा मला पस्तावा नाही.

घरी आल्यावर मात्र राग आला. बाराव्या पडद्यावर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकातला सूर यायला हवा, तिथे सगळ्या तारा चढ्या बोलत होत्या. मँडोलिनची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. ती पुढे सरकलेली होती. दुकानात कुणी तपासायची तसदीच घेतली नव्हती. तारेची 20 इंचांची लांबी म्हणजे वरच्या पट्टीपासून बारावा पडदा 10 इंचांवर, आणि तिथून घोडी 10 इंच आणि वर थोडी. एकेक जोडी जरा सैल करत, ट्यूनर लावून घोडी मागे घेतली. सगळ्या तारा एकदम सोडू नका, घोडी पडते. तारा पडद्यांपासून फार उंच होत्या, त्याही घोडीवरच्या दोन चाकांनी खाली आणल्या. फोन केला तर "नवीन आहे, सवय होईल" एवढंच उत्तर. विक्रीनंतरची सेवा अशी नसते.

वाजवायला कसं आहे? करंगळी सातव्या पडद्यावर न्यायची तर मँडोलिनवर साडेचार इंचांच्या आसपास जावं लागतं, इथे साडेसहाच्या पुढे. पहिला आठवडा मनगट भरून यायचं. द्रुत तान यावर नको. ट्रेमोलोही (एकच सूर भरभर छेडत राहणं) जाड तारांवर घोगरा लागतो. त्यापेक्षा एकच झटका मारून सूर घुमू द्यावा, मग खालची जी जोडी पखवाजाच्या बाजूला अशी काही बोलते की आमच्या काकूंनी अभंग अर्ध्यात थांबवून विचारलं, "हे काय वाजतंय गं?"

तारांचे खास संच सोलापुरात मिळाले नाहीत. गिटारच्या सुट्या तारा घेते, टोकाचा पितळी मणी पक्कडने फोडून काढते, उरलेला फास मागच्या खिळ्यात बरोबर अडकतो.

वाद्य घ्या, पण दुकानातच मोजायची टेप लावा, बारावा पडदा वाजवून ऐका आणि घोडी समोर नीट करून घेतल्यावरच पैसे द्या.