पिल्लांच्या हगवणीला डॉक्टर बोलावले, पैसे वसूल (५ पैकी ४ स्टार)

सावंतवाडीकडे आमचं छोटं वराहपालन आहे, यॉर्कशायरच्या ८ माद्या, माल बहुतेक गोव्यात जातो. पावसाळ्यात दोन माद्या एकाच आठवड्यात व्याल्या आणि पिल्लं दहा दिवसांची झाली तशी हगवण लागली, पिवळी, पाण्यासारखी, मधे दह्यासारख्या गुठळ्या, पिल्लं दूध पीत होती तरी रोज वाळत चालली होती. मेडिकलवाल्याने दिलेलं अँटिबायोटिक ३ दिवस पाजलं, काडीचा फरक नाही, ५ पिल्लं गेली. मग फक्त डुकरांचंच बघणाऱ्या एका डॉक्टरांना बोलावलं.

आल्याआल्या विचारलं, औषध न दिलेलं, आजच लागलेलं पिल्लू कुठलं? मी मरायला टेकलेलं दाखवत होतो, ते म्हणाले व्हायरस हगवणीतून सुरुवातीलाच जास्त बाहेर पडतो, ह्याच्यात सापडेलच असं नाही. ताजी हगवण ओल्या निळ्या लिटमसला लावली आणि कागद माझ्या डोळ्यांसमोर लाल झाला. ई. कोलाय असता तर बहुतेक निळाच राहिला असता म्हणे, ही आंबट आहे म्हणजे आतड्याची लव (आतले बारीक केसांसारखे अंकुर) झडलीय, दुधातली साखर पचत नाही आणि तीच पाणी ओढते. पण कागदावर भरवसा न ठेवता सॅम्पल बर्फात घालून पीसीआरला (जंतू ओळखायची लॅबमधली टेस्ट) पाठवलं. रोटाव्हायरस ए निघाला. तोवर इलेक्ट्रोलाइटचं पाणी आणि बल्बची ऊब, बाकीची बरीचशी वाचली.

स्वाइन फीवरची लस दिलीय म्हणजे झालं असं मी धरून चाललो होतो, पण ती रोटाला चालत नाही. डुकरिणीच्या वारेतून पिल्लाला अँटिबॉडी जात नाहीत, जे मिळतं ते चिकातून आणि दुधातून, म्हणून बाहेरच्या देशांत व्यायच्या आधी काही आठवडे मादीलाच लस देतात. ती लस आपल्याकडे नाही हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं, उगाच दुसरं काहीतरी टोचून बिल लावलं नाही, हे मला फार आवडलं. त्याऐवजी व्यायची खोली धुऊन चुना मारून सुकेपर्यंत रिकामी ठेवायला लावली आणि व्याल्यावर पहिल्या काही तासांत प्रत्येक पिल्लू सडाला लागलंय का ते बघायला सांगितलं. पुढच्या मादीला ११ झाली, अशक्त दोघांना मी स्वतः धरून चीक पाजला, १० जगली.

एक स्टार कापला कारण रिपोर्ट यायला ९ दिवस लागले आणि मधे लॅबवाले फोनच उचलत नव्हते. बोलवायचं असेल तर पहिल्याच दिवशी बोलवा, अँटिबायोटिक पाजायच्या आधी.