जुनं सागवानी कन्सोल टेबल: नऊ महिने, एक पावसाळा आणि अडकलेला खण

आधी माप सांगते, कारण दुकानात मला ते कुणी विचारलंच नाही. आमचं कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं जुनं घर. दारातून आत आलं की हॉलपर्यंत लांबट पॅसेज, रुंदी साडेतीन फूट. तिथं भिंतीला लावून ठेवलेलं हे अरुंद कन्सोल टेबल ४२ इंच लांब, ३१ इंच उंच आणि १४ इंच खोल. म्हणजे चालायला उरतात २८ इंच. दोघं समोरासमोर आले की एकानं अंग चोरायचं, पण गॅसची टाकी घेऊन येणारा मुलगा कुठं न धडकता आत जातो. १८ इंच खोलीचं एक फार सुंदर टेबल याच दुकानात होतं, त्यावर जीव जडला होता. घरी येऊन फरशीवर खडूनं आखून बघितलं आणि नाद सोडला. तुम्हीही खडू घ्या. खण उघडल्यावर किती पुढं येतो तेही आखा, ते मी विसरले होते. आमचा खण पूर्ण ओढला की रस्ता बंद.

संक्रांतीनंतर घेतलं, आता दसरा झाला. ११,५०० रुपये टेबलाचे, ३,२०० पॉलिश आणि दुरुस्तीचे, टेम्पोचे वेगळे.

दुकानदार ‘अँटिक आहे’ म्हणत होता. अँटिक म्हणायला साधारण शंभर वर्षं लागतात, आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही बहुतेक वस्तूंना हाच आकडा आहे. मी टेबल भिंतीपासून ओढून मागची बाजू बघितली. कन्सोलची खरी कुंडली तिथंच असते. हा प्रकार मुळात फ्रान्समधला, सतराव्या-अठराव्या शतकातला. तेव्हा तो भिंतीलाच ठोकलेला असायचा, पाय फक्त पुढं. मागची बाजू दिसणारच नाही म्हटल्यावर तिथं कोरीवकाम करणार कोण? आमच्या टेबलाला चारही पाय आहेत, पण सवय तीच: पुढं मणी-मणी कातलेले पाय, मागं रंधासुद्धा न फिरवलेली फळी, करवतीचे ओरखडे तसेच. आणि त्या फळीला फुलीच्या खाचेचे स्क्रू. असे स्क्रू १९३० च्या दशकात आले. शिवाय खणाचा तळ प्लायवूडचा. स्क्रू आणि तळ नंतरच्या दुरुस्तीतलेही असतील, पण ‘अँटिक’चे पैसे मी दिले नाहीत. आमच्या सुतारमामांच्या अंदाजानं साठेक वर्षांचं असेल. मला तेवढं पुरे.

खण मात्र जुन्या हाताचा आहे. बाहेर काढून कोपरा बघा: डव्हटेलचे, म्हणजे दोन फळ्या एकमेकांत अडकवणाऱ्या सांध्याचे, दात एकसारखे नाहीत, एक जाड, एक बारीक, कडेला पेन्सिलीची रेघ अजून आहे. मशीनचे दात एका मापाचे असतात. हे बघूनच मी हो म्हटलं.

आता फसले कुठं ते. मागच्या डाव्या पायाच्या तळाशी चार इंचांचा वेगळा तुकडा जोडलेला होता, वरून पॉलिश मारून झाकलेला. दुकानदार म्हणाला, ‘उंची वाढवून घेतलीय, मॅडम.’ एकाच पायाची? पण हा प्रश्न मला घरी आल्यावर सुचला. मामांनी नखानं खरवडून दाखवलं, वरचं लाकूड काळं पडून भुसभुशीत झालेलं. पाण्यात उभं राहिलेलं टेबल होतं ते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत इथं किती घरांतलं सामान भिजलं हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको, आणि त्यातलं बरंच पुढं जुन्या बाजारात गेलं असणार. म्हणून इथं जुनं लाकूड घेताना पाय आडवे करून तळ बघा. सगळ्या पायांवर एकाच उंचीला काळपट रेघ असेल, सांध्यात वाळलेला गाळ असेल, तर भाव पाडा नाहीतर निघून या. मामांनी सडलेलं कापून सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्यानं बसवला. त्या दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, जुन्या मालाची गॅरंटी नसते. बरोबरच आहे म्हणा, पण उंचीची गोष्ट सांगायची नव्हती.

उन्हाळा मजेत गेला. चाव्या, लाइटबिलं, भाजीच्या पिशव्या, मुलाचं हेल्मेट. वर आरसा टांगला, तर बाहेर पडणारा प्रत्येक जण तिथं थांबायला लागला, आणि तिथंच पहिला डाग पडला. मुलानं सेंटची बाटली आडवी ठेवली, ती गळली. सकाळी बघते तर रुपयाएवढा पांढुरका, चिकट चट्टा. आमचं पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं. चपडा स्पिरिटात विरघळवूनच लावतात, मग सेंटमधल्या अल्कोहोलनं तो पुन्हा विरघळणारच. मी रडवेली झाले होते. मामा आले, कापडाची पुरचुंडी पॉलिशमध्ये बुडवून दहा मिनिटं गोल गोल फिरवली, डाग गायब. नवा हात जुन्या थरात मिसळून जातो, हा चपड्याचा गुण. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारलं असतं तर सेंटनं एवढं झालं नसतं, पण खोल ओरखडा पडला तर तेवढ्यापुरतं जुळवणं अवघड. गरम चहाचा कप आणि ओला तांब्या दोन्हीला चपडा भितो. त्यामुळं वर एक काच टाकायचा विचार होता, पण काच टाकायची तर सागवान कशाला घ्यायचं?

जुलैत डावा खण अडकला. आधी कुरकुरला, मग अर्ध्यात थांबला, आणि एक दिवस उघडेचना. आत घरपट्टीची पावती. त्या आठवड्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली होती, घरात कपडे वाळत नव्हते, फरशीला ओल. मी मामांना म्हटलं, कडेनं थोडा रंधा मारून द्या. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही.

‘वहिनी, आत्ता रंधा मारला तर दिवाळीत खण खुळखुळंल बघा. लाकूड आत्ता पाणी पिऊन बसलंय. थांबा जरा.’

लाकूड दमट हवेत आडव्या अंगानं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून खणाची बाजू उंचीला वाढते आणि वर घासते. पावसाळ्यात छिललेलं लाकूड हिवाळ्यात परत कुठून आणणार? मामांनी अडकलेला खण हळूहळू पुढं आणला, सरकपट्टीवर मेणबत्ती घासली आणि भिंतीपासून टेबल दोन बोटं पुढं ओढलं. पैसे चहाचे. तो मेणबत्तीचा तुकडा अजून खणातच आहे. ऑगस्टभर आठवड्यातून एकदा घासला. गणपतीत खण जड होता पण उघडत होता. दसऱ्याला आपट्याची पानं काढायला ओढला तर एका बोटानं आला.

तुलनेला घरातलीच दोन टेबलं आहेत. जाऊबाईंचं ऑनलाइन मागवलेलं, पार्टिकल बोर्डाचं, ४,८०० रुपयांचं. दिसायला छान, हलकं, एकटीनं उचलतात, आणि खणाला चॅनेल, म्हणजे धातूची सरकती पट्टी, असल्यामुळं भर पावसात लोण्यासारखा सरकतो, हे मला जरा बोचलंच. पण रोजच्या ओल्या पोच्यानं पायाची कडपट्टी सुटली, आत पाणी शिरलं आणि तळ पावासारखा फुगला. सागवान फुगतं ते उतरतं, हा बोर्ड फुगला की फुगला. त्यांनी आता पायांना प्लॅस्टिकचे बूट घातलेत. आधीच घातले असते तर चाललं असतं, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

दुसरं दादाचं: शिलाई मशिनचं बिडाचं स्टँड, वर सागवानी फळी. खण नाही म्हणून अडकत नाही. पायटा तसाच ठेवलाय, येणारी पोरं आधी त्यावर उभी राहतात. वजन असं की जागेवरून हलवायला दोन माणसं, आणि बीड आपटलं तर तडकतं, त्यामुळं घर बदलताना जपून. पावसाळ्यात गंज धरतो, दादा जूनमध्ये एकदा तेलाचं फडकं फिरवतो.

मला परत घ्यायचं झालं तर? सागवानच घेईन, जुनंच, १४ इंचांचंच. फक्त दुकानात जाताना मामांना बरोबर नेईन. उजवा खण अजून कुलूपबंद आहे, दुकानदाराकडं किल्ली नव्हती. आत काहीतरी हलतं. मुलगा म्हणतो फोडूया. मी किल्लीवाल्याला बोलावलंय, तो तीन वेळा ‘उद्या येतो’ म्हणालाय.