भिंती टिपायला एक्स्टेन्शन ट्यूब की मॅक्रो लेन्स?

खानापूरकडच्या जांभ्याच्या भिंतीवर पावसाळ्यात चढणारं शेवाळ, निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींची गंजलेली दारं, बेळगावातल्या शहापूरच्या बोळांतले चुन्याचे पोपडे. असल्या गोष्टी टिपायचं वेड लागलं की हा प्रश्न पडतोच. ५० मिमीच्या लेन्सला ट्यूब लावून भागवायचं, की १०० मिमीची मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून टिपण्यासाठी केलेली लेन्स, घ्यायची? मी दोन्ही वापरल्या आहेत.

ट्यूब म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारं पोकळ कडं; त्यामुळे लेन्सला जास्त जवळचं टिपता येतं. आत काच नाही, वजन नाही, किंमत मॅक्रो लेन्सच्या मानाने फारच कमी. घ्याल तर संपर्काच्या पिना असलेलीच घ्या, नाहीतर बऱ्याच कॅमेऱ्यांवर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, लहानमोठं करता येत नाही. गंजलेली कडी, खिळ्याचं डोकं, एवढंच टिपायचं असेल तर ती पुरेशी आहे, असं मला मनापासून वाटतं.

अडचण भिंतीसमोर येते. २५ मिमीची ट्यूब लावली की फोकस अनंतावर नेला तरी लेन्सपासून साधारण १५ सेंमीच्या पलीकडचं स्पष्ट दिसत नाही. भिंतीचं मात्र तसं नसतं. आधी हातभर तुकडा आवडतो, मग त्यातली एक भेग खुणावते, आणि पुन्हा मागं सरावंसं वाटतं. दर वेळी लेन्स काढा, ट्यूब काढा, परत लावा. आमच्याकडच्या तांबड्या मातीची धूळ उन्हाळ्यात कुठंही शिरते, तशी कॅमेऱ्यातल्या सेन्सरवरही, म्हणजे चित्र उमटतं त्या पृष्ठभागावरही, बसते. एफ ११ वर, म्हणजे ॲपर्चर बारीक केलं की, तिचे ठिपके ठळक उमटतात. आकाशाच्या फोटोत ते लगेच कळतात, पण चुन्याच्या पोपड्यांत भिंतीचा डाग कुठला आणि धुळीचा कुठला, हे घरी आल्यावर ओळखणं अवघड जातं. माझं मन इथंच मॅक्रोकडं वळलं. ती हातभर तुकड्यापासून सेन्सरवर मूळ आकारात उमटणाऱ्या भेगेपर्यंत जाते, लेन्स न काढता.

आणखी एक गोष्ट. मॅक्रो लेन्स सपाट पृष्ठभाग कडेपर्यंत स्पष्ट यावा अशी घडवलेली असते. ट्यूब लावलेल्या ५० मिमीने काढलेल्या फोटोंच्या कडा मला मऊ, म्हणजे किंचित अस्पष्ट, वाटल्या, आणि असल्या फोटोत कडांनाही मधल्या भागाइतकंच महत्त्व असतं.

हात थरथरत असेल तर दोन्हीला ट्रायपॉड लागेल. खिसा अडवत असेल तर आधी ट्यूब घ्या, त्यात काही वावगं नाही. पण भिंतींचा नाद टिकणार अशी खात्री असेल, तर वापरलेली का होईना, मॅक्रोच शोधा. घेण्याआधी काच उजेडाकडं धरून बुरशी तेवढी बघा. आपल्याकडच्या पावसात ती धरतेच.