विशाखापट्टणम–किरंदुल पॅसेंजर: अरकूला उतरू नका, पुढे जा

आंध्रातल्या अरकू या थंड हवेच्या ठिकाणाच्या ट्रेनचे जे व्हिडिओ फिरत असतात ना, त्यातले बहुतेक अर्ध्या रस्त्यातच संपतात, म्हणजे सकाळी सातच्या आसपास विशाखापट्टणमहून निघायचं, चारेक तासांत अरकू, तिथे कॉफी, बांबू चिकन, फोटो आणि संध्याकाळी परत. गाडी मात्र तिथे संपत नाही, ती पुढे ओडिशात शिरते, मग छत्तीसगडात बस्तरमधून थेट बैलाडिलाच्या डोंगरापाशी किरंदुलला जाते. माझं म्हणणं एवढंच की या लाइनवर जाणारच असाल तर निदान जगदलपूरपर्यंत तरी बसून रहा.

ही लाइन मुळात माणसांसाठी बांधलेलीच नाही. १९६० च्या दशकात बैलाडिलाचं लोहखनिज विशाखापट्टणम बंदरातून जपानला पाठवायचं म्हणून पूर्व घाट फोडून कोत्तवलसा ते किरंदुल असे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास रूळ टाकले, रेल्वेवाले केके लाइन म्हणतात. आजही इथला खरा राजा मालगाडीच, त्यामुळे आपली पॅसेंजर कुठल्यातरी छोट्या स्टेशनवर उभी राहते आणि समोरून लाल धुळीने माखलेली वॅगनची रांग संपता संपत नाही. घाई असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही, स्पष्ट सांगते. मला मात्र हे थांबे आवडले, दार उघडं, बाहेर जंगल, आणि त्या गाड्या बघितल्याशिवाय ही लाइन इथे का आहे तेच कळत नाही.

घाट सुरू होतो शिवलिंगपुरम सोडल्यावर. आपल्या बोरघाटात १ ला ३७ (म्हणजे ३७ मीटरला एक मीटर) असा खडा चढ आणि मागून बँकर, म्हणजे जादा इंजिन, लावून ढकलतात, इथे चढ तेवढा तीव्र ठेवलेला नाही, म्हणून मग रूळ डोंगराच्या कडेकडेने वळणं घेत घेत चढतात, तीच दरी एकदा खाली दिसते, मग बोगदा, मग तीच अजून खोल. सगळ्या लाइनवर मिळून ५८ बोगदे आहेत. टायडा, चिमिडिपल्ली ही स्टेशनांची नावं लक्षात ठेवा, तिथे मोबाइल खिशात ठेवून नुसतं बघा. बोर्रा गुहालूला गुहा बघायला अर्धा डबा रिकामा होतो, आणि त्या चुनखडीच्या गुहांच्या डोक्यावरूनच आपली गाडी जाते हे किती जणांना माहीत असतं कोण जाणे! पुढे शिमिलिगुडा, उंची ९९६ मीटर, ब्रॉडगेजवरचं देशातलं सगळ्यात उंच स्टेशन म्हणून मिरवायचं, काश्मीरची लाइन झाल्यावर तो मान तिकडे गेला.

२०१७ पासून अरकूपर्यंत विस्टाडोम डबा मिळतो, काचेचं छत, फिरणाऱ्या सीट, एसी. आईवडील बरोबर असतील तर जरूर घ्या, आरामात जातात. पण एकटे असाल तर साधा डबाच घ्या, कारण काच बंद म्हणजे बोगद्यातला गार वारा नाही, पावसाचा वास नाही, आणि फोटोत आतल्या लोकांचंच प्रतिबिंब जास्त.

अरकूनंतर डबा मोकळा होतो आणि मग गावची माणसं चढतात, टोपल्या, कोंबड्या, बाजाराच्या पिशव्या. इथून पुढे दऱ्या कमी, पठार जास्त, भाताची शेतं, लाल माती, मध्येच अंगावर येणारा डोंगर. माचकुंड रोड, कोरापुट, जेपोर, सगळं शांत आणि मोठं मोठं. घाटापेक्षा मला हाच भाग जास्त आवडला, कारण इथे कोणी तुम्हाला काही दाखवायला बसलेलं नाही. जगदलपूर जवळ आलं की डब्यात हलबी ही बस्तरची बोली ऐकू येते, त्यात मराठीची एवढी मिसळ आहे की कान टवकारतातच, अर्धं वाक्य कळतं आणि अर्धं निसटतं.

किरंदुलपर्यंत दिवसाच्या गाडीने गेलात तर शेवटचा भाग अंधारात जातो, तेव्हा जगदलपूरला उतरा, मुक्काम करा, चित्रकोट धबधबा बघा आणि बैलाडिलाकडचा टप्पा वेगळ्या दिवशी करा. रात्रीची एक्स्प्रेस अजिबात घेऊ नका, सगळा घाट झोपेत जातो. पावसाळ्यात घाट सगळ्यात देखणा, पण तेव्हाच दरडी पडून गाड्या रद्द होतात, म्हणून पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर अखेर ते डिसेंबर जा आणि निघायच्या आदल्या रात्री गाडी शेवटपर्यंत जातेय ना ते बघून घ्या, कधीकधी दंतेवाड्यालाच थांबवतात.